संत्र्याची साल, डाळिंबाची भुकटी आणि बाभळीची टोपली

प्रश्न : आदरणीय डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. माझे गाव कळमेश्वर तालुक्यात आहे. माझ्याकडे बावीस बकऱ्या आणि दोन बोकड आहेत. बहुतेक बेरारी, चार उस्मानाबादी. दिवसभर त्या नाल्याकाठाने चरतात. संध्याकाळी कोठ्यात आल्यावर तुरीचे कुटार, प्रत्येकी ओंजळभर चुनी आणि थोडी सरकीची ढेप देतो. माझ्या साळ्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. फळांच्या सालींतील नैसर्गिक घटकांनी बकऱ्यांचे जंत मरतात, वजन वाढते आणि औषधाची गरज राहत नाही, असे त्यात सांगितले होते. म्हणून नागपुरातून डाळिंबाच्या सालीची भुकटी ४८० रुपये किलोने आणली आणि प्रत्येकीला रोज अंदाजे २५ ग्रॅम देऊ लागलो. आज अठरा दिवस झाले. बकऱ्यांचे खाणे कमी झाले आहे, लेंड्या बारीक आणि कडक पडतात, दूध कमी झाल्याने पिल्ले ओरडतात. दोन बकऱ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरल्यासारखे दिसते. सध्या बाभळीच्या शेंगा पडत आहेत, त्याही वेचून रोज संध्याकाळी दोन टोपल्या टाकतो, त्या मात्र आवडीने खातात. भुकटी वाढवावी की बंद करावी? शहरातील ओळखीच्या ज्यूस सेंटरवरून संत्र्याची साल फुकट मिळते, ती चालेल का? आणि जंताचे औषध पूर्ण बंद केले तर चालेल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील तीन प्रश्नांची उत्तरे पुढे सविस्तर देतो, परंतु ज्या दोन शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरले आहे त्यांना माझ्या उत्तरासाठी ताटकळत ठेवू नका. हा अंक हाती पडेल त्याच दिवशी त्यांची आणि सोबत आणखी चार-पाच शेळ्यांची ताजी लेंडी, शक्यतो थेट गुदद्वारातून काढलेली, वेगवेगळ्या लहान डब्यांत घालून, त्यावर शेळीची खूण लिहून, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणीसाठी न्या. जबड्याखाली साचलेले पाणी बोटाने दाबले की खळगा पडतो आणि तो काही क्षण तसाच राहतो. रक्तातील प्रथिने फार घटली की असे होते, आणि ती घटण्याचे आपल्याकडील सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे जंत.

मात्र कोणते जंत, हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पावसाळ्यात अशी शेळी दिसली तर पहिला संशय रक्तपित्या गोल जंतांवर जातो. हे जंत शेळीच्या चौथ्या पोटात राहतात आणि एकेक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पोटात असे हजार जंत असतील तर दिवसाला ५० मिलिलिटर रक्त जाते, आणि पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात एकंदर रक्तच पावणेदोन लिटरच्या आसपास असते. तुमच्या शेळ्या मात्र ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर नाल्याकाठी चरत आहेत. पाणी आटत जाते तसा हिरवा चारा फक्त ओलाव्याच्या कडेला उरतो, तिथेच गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत यकृतातील चपट्या कृमींची बाधा होते. जबड्याखालचे पाणी त्यांच्यामुळेही उतरते. गोल जंतांवरचे प्रत्येक औषध चपट्या कृमींवर चालतेच असे नाही, म्हणून लेंडी तपासल्याशिवाय दुकानातून एखादी बाटली आणून पाजणे हा उपाय नव्हे. डाळिंबाची साल तर या कृमींच्या वाटेलाही जात नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात माझेही लक्ष भुकटीकडेच गेले, कारण तुम्ही तिची किंमत, वजन आणि दिवस अगदी चोख लिहिले आहेत. दुसऱ्या वाचनात नजर अडली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्यावर : बाभळीच्या शेंगांच्या दोन टोपल्या. तुमच्या कोठ्यात फळातील वनस्पतिजन्य घटकांचा खरा साठा भुकटीच्या पाकिटात नव्हे, त्या टोपल्यांमध्ये आहे.

या घटकाचे नाव टॅनिन. डाळिंबाच्या सालीत, हिरड्यात, आवळ्यात, द्राक्षाच्या बीत, चिंचोक्याच्या तांबड्या टरफलात, जांभळाच्या बीत आणि बाभळीच्या शेंगेत ते वेगवेगळ्या रूपात आणि वेगवेगळ्या प्रमाणात असते. जिभेला जो तुरटपणा जाणवतो तो त्याचाच. पूर्वी गावोगावी बाभळीची साल आणि शेंगा भिजवून त्या पाण्यात कातडी कमावत असत. कातड्यातील प्रथिनाला घट्ट धरून त्याचे न कुजणारे चामडे करण्याचे काम टॅनिन करते, आणि शेळीच्या पोटातही ते प्रथिनालाच धरते. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे नफे-तोटे समजायला सोपे जातात.

शेळीच्या कोठीपोटात, म्हणजे चार कप्प्यांपैकी पहिल्या मोठ्या कप्प्यात, कोट्यवधी सूक्ष्मजीव चारा आंबवत असतात. तिथला सामू, म्हणजे आम्लतेचे माप (पीएच), साधारण सहा ते सातच्या दरम्यान असतो आणि त्या सामूला टॅनिन ढेपेतील प्रथिनाला धरून ठेवते, त्यामुळे सूक्ष्मजीव त्या प्रथिनाची नासधूस करून अमोनिया करू शकत नाहीत. पुढे चौथ्या पोटात आम्लता वाढून सामू साडेतीनच्या खाली गेला की ही पकड सुटते, प्रथिन मोकळे होते आणि आतड्यात शेळीच्या स्वतःच्या उपयोगी पडते. माफक प्रमाणातील टॅनिनचा हा खरा फायदा आहे, आणि तो व्हिडिओतील फायद्यांपेक्षा अधिक पक्क्या पायावर उभा आहे. शिवाय शेळी ही मुळात गवत खाणारी नसून पाला ओरबाडणारी आहे. तिच्या लाळेतच टॅनिनला बांधून ठेवणारी प्रथिने असतात, म्हणून गाय ज्या पाल्याकडे पाठ फिरवते तो शेळी आनंदाने खाते.

परंतु या गुणाला माप आहे. एकूण कोरड्या आहारात टॅनिन दोन ते चार टक्क्यांच्या घरात असेल तोवर ते बहुधा उपकारक ठरते. पाच टक्क्यांच्या पुढे गेले की तेच खाणे कमी करते, चोथ्याचे पचन मंदावते, प्रथिनाची पकड आतड्यातही पुरती सुटत नाही आणि ढेपेवर खर्च केलेला पैसा लेंडीतून उकिरड्यावर जातो. लेंड्या बारीक आणि कडक होणे, भूक मंदावणे, दूध उतरणे, ही तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणे या चित्रात चपखल बसतात. दोन आजारी शेळ्यांच्या बाबतीत तर जंतांनी एका बाजूने प्रथिन पळवले आणि टॅनिनने दुसऱ्या बाजूने अडवले, असे झालेले असू शकते.

हिशेब मांडून पाहू. तीस किलोची शेळी दिवसाला साधारण एक किलो कोरडा आहार घेते. हे वजन पाणी वगळून धरलेले आहे. तुमच्या २५ ग्रॅम भुकटीत पाचवा हिस्सा टॅनिन आहे असे उदार मनाने धरले, तरी ते पाच ग्रॅम होते, म्हणजे आहाराच्या अर्धा टक्का. आता टोपल्या पाहा. एका टोपलीत तीन किलो वाळक्या शेंगा मावतात असे समजू. दोन टोपल्यांच्या सहा किलो शेंगा चोवीस जनावरांत वाटल्या तर प्रत्येकी पाव किलो होतात. बाभळीच्या शेंगेत टॅनिन वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकते, म्हणजे पाव किलोत किमान पंचवीस ग्रॅम. त्यात दिवसभर झाडाखाली स्वतः वेचून खाल्लेल्या शेंगा आणि ओरबाडलेला पाला मिळवा. शिवाय टोपली समोर आली की दांडग्या शेळ्या पुढे घुसतात आणि दुबळ्या मागे राहतात, त्यामुळे काहींच्या पोटात पाव किलोऐवजी अर्धा किलोही जात असेल. भुकटीने पेला भरला नाही. तो आधीच काठोकाठ होता.

म्हणून भुकटी आजपासून बंद करा. तिने मोठे नुकसान केले म्हणून नव्हे, तर तुमच्या कोठ्यात तिची गरजच नाही म्हणून. चोवीस जनावरांना रोज ६०० ग्रॅम, म्हणजे अठरा दिवसांत जवळजवळ अकरा किलो, पाच हजारांहून अधिक रुपये. एवढ्या पैशांत क्षार मिश्रण आणि चांगली ढेप कितीतरी दिवस पुरली असती. त्या पाकिटावर टॅनिन किती टक्के आहे, साल कधीची आहे, वाळवली कशी, यांपैकी काही छापलेले आहे का ते एकदा पाहा. ज्या पदार्थाचा गुण आणि दोष मात्रेवर ठरतो तो मात्रा न सांगता विकला जात असेल, तर विकणाऱ्यालाही तो औषध आहे की कचरा, हे ठाऊक नाही असे समजावे.

शेंगा मात्र पूर्ण बंद करू नका. उन्हाळ्यात, जेव्हा कुटारात नुसता चोथा उरतो, तेव्हा बाभळीची शेंग हे फुकटचे आणि प्रथिनयुक्त खाद्य आहे, आणि आपल्या भागातील शेळीपालक पिढ्यान् पिढ्या ते वापरत आले आहेत. पहिले आठ दिवस टोपली बंद ठेवा. चरताना ज्या खातील त्या खाऊ द्या. लेंड्या पूर्ववत झाल्या की प्रत्येकी शंभर ग्रॅमपासून, कुटारात मिसळून आणि एकीच्या तोंडून दुसरीने ओढू नये इतक्या लांब गव्हाणीत पसरून सुरू करा आणि त्यापुढे फारसे जाऊ नका. शेंगा शक्यतो ठेचून द्या, कारण अखंड बी पुष्कळदा जशीच्या तशी लेंडीतून बाहेर पडते आणि बीतील प्रथिन वाया जाते; तुमच्या लेंडीखताच्या खड्ड्याभोवती बाभळीची रोपे उगवत असतील तर ती कुठून आली हे सांगायला नको. ढेप मात्र संध्याकाळच्या शेंगांबरोबर न देता सकाळी चरायला सोडण्यापूर्वी द्या आणि पाणी दिवसातून दोनदा तरी भरपूर, सावलीतले पाजा.

फळांतील घटकांचा हा सारा विषयच थोतांड आहे, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ कृपया घेऊ नका. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यातून प्रतिजैविके देण्यावर बंदी घातली. आपल्याकडेही २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापराला मनाई झाली. प्रतिजैविकांची जागा कोण घेणार, हा प्रश्न त्यामुळे खरोखरच उभा राहिला आणि जगभरातील पशुपोषणशास्त्रज्ञ टॅनिन, सॅपोनिन, लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील सुगंधी तेले आणि फ्लॅव्होनॉइड या वनस्पतिजन्य घटकांकडे वळले. रिठ्याच्या फळातील फेस आणणारे सॅपोनिन कोठीपोटातील एकपेशीय जीव कमी करते आणि त्यासोबत मिथेन वायूही काही अंशी घटू शकतो. टॅनिनयुक्त पाला खाणाऱ्या शेळ्यांच्या लेंडीत जंतांची अंडी कमी आढळल्याचेही प्रयोगांत दिसलेले आहे. परंतु अंडी कमी होणे आणि जंत मरणे यांत अंतर आहे. शिवाय प्रयोगशाळेतील शेळीला टॅनिन ग्रॅम-मिलिग्रॅम मोजून दिलेले असते, तर तुमच्या शेळीला ते मुठीने.

माणसाच्या आरोग्याचे ठोकताळे शेळीला लावण्याची चूकही फार होते. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर म्हणून शेळीला आवळा द्यावा, असे मला दर हिवाळ्यात कोणीतरी विचारते. शेळी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करते. तिला आपल्यासारखी आवळ्याची आस नसते. फळातील जे घटक आपल्या शरीरात गुणकारी ठरतात त्यांतले बरेचसे शेळीच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव मोडूनतोडून भलतेच काही करून टाकतात. तिच्या पोटात काय पोहोचते याचा निर्णय तोंड करत नाही, कोठीपोट करते.

आता संत्र्याच्या सालीबद्दल. नागपूर परिसरातील शेळीपालकाने या प्रश्नाकडे डाळिंबापेक्षा कितीतरी अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे, कारण डाळिंब आपल्याकडे सोलापूर-नाशिककडून येते आणि संत्रा आपल्या धुऱ्यावर पिकतो. संत्र्याची वाळलेली साल ही प्रथमतः ऊर्जा देणारे खाद्य आहे आणि औषधी घटकांची खाण नंतर. तिच्यात पेक्टिन पुष्कळ असते. पेक्टिन कोठीपोटात लवकर आंबते, तरी धान्यातील पिठासारखे आम्ल झपाट्याने वाढवत नाही. म्हणून मक्याच्या किंवा चुनीच्या काही भागाऐवजी साल देणे शेळीच्या पोटाला मानवते. प्रथिन मात्र तिच्यात जेमतेम सहा-सात टक्के, तर सरकीच्या ढेपेत वीस टक्क्यांच्या पुढे. त्यामुळे साल मिळते म्हणून ढेप कमी करणे हा तोट्याचा सौदा ठरेल. सालीत कॅल्शियम चांगले आणि फॉस्फरस नगण्य असते, म्हणून चुनी पूर्णपणे काढून टाकू नका आणि क्षार मिश्रण चालू ठेवा. सालीतील हेस्पेरिडिन आणि लिमोनिन या औषधी म्हणवल्या जाणाऱ्या घटकांचा काही उपयोग झालाच तर तो वरकड समजावा.

ओली साल कोठ्यात आणून ढीग लावू नका. याबाबतचा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रस काढणाऱ्या कारखान्यातून ओला चोथा फुकट मिळतो असे कळल्यावर मीच एका शेळीपालकाला तो आणायला सांगितले आणि त्याने मोठ्या विश्वासाने सहा पोती आणली. पहिल्या दिवशी शेळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला. तिसऱ्या दिवशी सकाळी पोत्यात हात घातला तर आत चोथा कोमट लागला आणि वासाला दारूसारखा आंबूस; तरी शेळ्यांनी आदल्या रात्री तो भरपेट खाल्ला होता. दोन शेळ्यांची पोटे डाव्या बाजूने तट्ट फुगली होती आणि एक दात खात कोपऱ्यात उभी होती. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजून आणि दिवसभर फिरवून तीनही वाचल्या, पण त्या घरातील आजी जे बोलल्या ते मी आजही विसरलेलो नाही. चोथ्यात उरलेली साखर आणि एकदम बदललेला आहार यांनी ते झाले होते, आणि दोष सर्वस्वी माझा होता. एकदम बदललेल्या गोड, सकस खाद्याने आंत्रविषाराला, म्हणजे आतड्यातील जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगालाही, वाट मोकळी होते. तुमच्या शेळ्यांना त्याची लस पावसाळ्यापूर्वी दिली जाते ना, याची खात्री करून घ्या.

साल वाळवून द्यावी, आणि त्यासाठी सध्याचे दिवस उत्तम आहेत. मृग बहाराची फळे फेब्रुवारीपासून बाजारात येतात आणि आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात ताडपत्रीवर एकेरी पसरलेली साल दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळते. तुकडा वाकवल्यावर लवता कामा नये, कट्कन मोडला पाहिजे. सुमारे चार किलो ओल्या सालीची एक किलो वाळकी साल होते, तेव्हा पोत्यांचा आणि प्रवासाच्या खर्चाचा हिशेब त्याप्रमाणे करा. साल फुकट असली तरी पेट्रोल फुकट नाही. आंबिया बहाराची साल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मिळते, तेव्हा सकाळचे धुके आणि दव यांमुळे ती वरून वाळते, आतून दमट राहते आणि तिच्यावर हिरवी-निळी बुरशी धरते. बुरशीची साल धुऊन किंवा पुन्हा वाळवून शेळीला देऊ नका. बुरशी झटकली जाते, तिचे विष आत राहते. असे पोते सरळ खताच्या खड्ड्यात टाकावे.

ज्यूस सेंटरच्या सालीबाबत आणखी एक सांगतो, कारण हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. त्या पिंपात नुसती साल नसते. प्लास्टिकच्या नळ्या, ग्लासांची झाकणे, रबर, कागदी रुमाल, कधी अननसाचे टोकदार काप आणि कधी आदल्या दिवसाचा कुजका माल, हे सारे एकत्र असते. शेळीच्या पोटात गेलेले प्लास्टिक बाहेर येत नाही, साचत जाते. त्यामुळे ओळखीच्या माणसाला सालीसाठी वेगळी टोपली ठेवायला सांगा आणि घरी आल्यावर ताडपत्रीवर पसरताना एकेक मूठ हाताने निवडा. बागेतून थेट साल किंवा गळालेली फळे मिळणार असतील तर बागायतदाराला शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली हे विचारल्याशिवाय आणू नका, कारण फवारणीचा अंश गरापेक्षा सालीवर अधिक राहतो. पावसाळी फळगळीतली कुजकी फळे टाळा. ताजी गळालेली फळे दिलीच तर चार फोडी करून द्या, अख्खे फळ घशात अडकू शकते.

प्रमाणाचे म्हणाल तर मोठ्या शेळीला वीस ग्रॅम वाळक्या सालीपासून सुरुवात करून, दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत शंभर ग्रॅमपर्यंत जावे आणि तिथेच थांबावे. साल खलबत्त्यात जाडसर कुटून चुनीत मिसळली तर शेळ्या निवडानिवड करत नाहीत. दूध काढायच्या शेळीला ती धार काढल्यानंतर द्या, म्हणजे दुधाला वास येणार नाही. दोन महिन्यांच्या आतील पिल्लांना काहीच देऊ नका. आणि शेंगा व साल दोन्ही एकाच दिवशी नव्याने सुरू करू नका, नाहीतर काही बिघडले तर कशामुळे बिघडले हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही.

इतर फळांबद्दल थोडक्यात. सीताफळाच्या बिया शेळ्यांच्या खाण्यात कुटून कधीही घालू नका. त्या विषारी आहेत आणि त्यांची भुकटी डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, शेळीच्या आणि तुमच्याही. आंब्याच्या कोयीतील गर आणि चिंचोके यांत ऊर्जा चांगली असते, पण टॅनिनही असते, तेव्हा बाभळीच्या शेंगांच्या हंगामात त्यांना हात लावू नका. रिठ्याचे प्रयोग प्रयोगशाळेवरच सोडा.

तिसरा प्रश्न जंताच्या औषधाचा. ते बंद करू नका, पण दर तीन महिन्यांनी सरसकट सगळ्या कळपाला एकच औषध पाजण्याची सवय मात्र जरूर बंद करा. तसे केल्याने जे जंत औषधाला दाद देत नाहीत तेच मागे उरतात आणि त्यांचीच वीण वाढते, आणि काही वर्षांनी ते औषध पाणी पाजल्यासारखे ठरते. त्याऐवजी शेळीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहायला शिका. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचे एक कार्ड तयार करण्यात आले : पहिला रंग लालभडक, पाचवा जवळजवळ पांढरा. पापणी गुलाबीसर फिकट दिसू लागली की त्या शेळीला औषध, लालबुंद पापणीच्या शेळीला नाही. पाहताना शेळी उन्हात उभी करा, कोठ्याच्या अंधारात फिकी पापणीही लाल वाटते. औषधाची मात्रा अंदाजाने न देता वजन करून आणि डॉक्टरांना विचारून द्या, कारण शेळीला पुष्कळदा मेंढीपेक्षा अधिक मात्रा लागते आणि कमी मात्रा दिली की जंतांना केवळ सराव मिळतो. शेळी नुकतीच गाभण राहिली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अल्बेंडाझोलसारखे औषध सुरुवातीच्या गाभणकाळात चालत नाही. नाल्याकाठचे चरणे निदान तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबवा आणि कळप वरच्या पडीक रानात न्या. लेंडी तपासणी गावाजवळ होत नसेल तर सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. कळमेश्वरहून शहरात भुकटी घ्यायला जाण्याइतकेच ते अंतर आहे.

एवढे करूनही सालीचा काही उपयोग होतो की नाही हे स्वतः पाहण्याची इच्छा असेल, आणि मला वाटते ती असावी, तर बारा करडे निवडा, साधारण एका वयाची. वजनाने आणि नर-मादीने समसमान असे दोन गट करा. एका गटाच्या गळ्यात लाल सुतळी बांधा. दोन्ही गटांना सारखेच कुटार, सारखीच ढेप. फक्त लाल सुतळीवाल्यांच्या चुनीचा थोडा भाग काढून तेवढ्याच वजनाची कुटलेली साल, तीही करडांच्या मानाने कमी मात्रेत आणि दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत. दर पंधरा दिवसांनी सकाळी चरायला सोडण्यापूर्वी, उपाशीपोटी, हुकाच्या काट्याला गोणपाटाची झोळी अडकवून वजन घ्या आणि वहीत लिहा. साठ दिवस हे चालू द्या. एक-दोन करडांची वाढ आपोआपच पुढे-मागे असते, म्हणून एकट्यादुकट्या करडाकडे न पाहता गटाची सरासरी पाहा. वजनातील फरकाला तुमच्या बाजारातील जिवंत वजनाचा दर लावा आणि त्यातून साल आणण्या-वाळवण्याचा खर्च वजा करा. उरलेला आकडा अधिक असेल तर साल चालू ठेवा. शून्याच्या आसपास असेल, तर ताडपत्री दुसऱ्या कामाला लावा.

दोन आजारी शेळ्यांच्या लेंडीचा निकाल आला की त्याची प्रत पुढच्या पत्रासोबत जोडा, आणि चोवीस जनावरांच्या पापण्यांचे रंगही, प्रत्येकीच्या खुणेसमोर एक ते पाच असा आकडा मांडून, कळवा.